स्क्वॉटमध्ये टाच उचलते, पाय डगमगतो: नवे बूट घेण्याआधी काय काय तपासायचं

स्क्वॉटमध्ये, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बसून उठताना, टाच जमिनीवरून सुटते. किंवा सुटत नाही, पण वर येताना पाय आतल्या बाजूला कलतो आणि गुडघाही त्याच्यामागे आत जातो. जिममध्ये शिकवायला लागल्यापासून ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की कुणी बार खांद्यावर घेऊन उभं राहिलं की माझी नजर आधी बुटांकडे जाते, मग गुडघ्यांकडे. येणारा बहुतेक वेळा प्रश्न ठरवूनच आलेला असतो: "ताई, वेटलिफ्टिंगचे बूट कोणते घेऊ?" मी म्हणते, थांब, आधी आज पायात जे आहे ते बघू. हा बिघाड पाच-सहा ठिकाणी असू शकतो आणि नवा बूट त्यातल्या दोनच ठिकाणी उपयोगी पडतो. उरलेल्या ठिकाणी पैसे जातात आणि टाच उचलायची ती उचलतेच.

म्हणून हा क्रम. फुकट आणि सोप्या गोष्टी आधी, खरेदी सगळ्यात शेवटी.

लक्षणं

फोन जमिनीवर, तुमच्या मागे, टाचांच्या उंचीला कशाला तरी टेकवून ठेवा आणि स्लो मोशनमध्ये एक सेट, म्हणजे सलग काही वेळा बसणं-उठणं, रेकॉर्ड करा. वजन रोजचंच ठेवा, फार जड नको. समोरच्या आरशात हे दिसत नाही. शिवाय आरशात बघायला मान वळवली की तोलही बदलतो. व्हिडिओत यातलं काय दिसतं ते शोधा:

- तळाशी पोचताना टाच वर सुटते, एक किंवा दोन्ही. कधी इतकी थोडी की स्वतःला फक्त "वजन बोटांवर आलं" एवढंच जाणवतं.
- टाच टेकलेलीच राहते, पण बुटाची मागची बाजू आत किंवा बाहेर कलते.
- बूट जागेवर राहतो आणि त्याच्या आत टाच वरखाली होते.
- अख्खा बूट जमिनीवर बाजूला सरकतो, विशेषतः पाय रुंद ठेवले की.
- डेडलिफ्टमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून उचलताना, तोल पुढे जातो आणि बार नडगीपासून लांब पळतो.
- सेटनंतर बोटं बधिर होतात किंवा पावलावर दाब बसल्यासारखं दुखतं.

यातली पहिली दोन लक्षणं लोक एकच समजतात आणि तिथेच वाट चुकते. टाच *वर उठते* की *बाजूला कलते*, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. वर उठत असेल तर दोष बहुधा घोट्यात, उभं राहण्याच्या पद्धतीत किंवा बुटाच्या मापात असतो. बाजूला कलत असेल तर दहातल्या आठ वेळा मला तो सोलमध्ये सापडतो. व्हिडिओ दोनदा बघा आणि आधी हे ठरवा. पुढची प्रत्येक तपासणी या उत्तराशी जोडलेली आहे.

पहिली तपासणी: बूट काढा

रिकामा बार घ्या किंवा नेहमीच्या निम्मं वजन. बूट-मोजे काढून, कोरड्या आणि टणक जमिनीवर, तसाच सेट करा. मोजे ठेवू नका, लाकडावर ते घसरतात. आजूबाजूला कुणी वजन खाली टाकत असेल तर ही तपासणी तिथे करू नका. मधुमेहामुळे किंवा इतर कारणाने तळव्याची संवेदना कमी असेल, तर अनवाणी काहीच करू नका आणि ही पायरी सोडून द्या.

आता पुन्हा व्हिडिओ बघा. पाय कलणं थांबलं असेल तर बूट दोषी. टाच तशीच उठत असेल तर बूट निर्दोष, पुढे घोट्याकडे जायचं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि अर्ध्याहून अधिक लोकांचा निकाल इथेच लागतो.

एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा उजवा गुडघा दर रेपला, म्हणजे दर बसण्या-उठण्याला, आत जात होता. नितंबाचे स्नायू कमजोर आहेत असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तो कित्येक महिने मांड्यांभोवती रबरी बँड लावून इमानाने व्यायाम करत होता. मी त्याच्या मागे जमिनीवर आडवी झाले आणि डोळे त्याच्या टाचेच्या पातळीवर आणले. पायात पळण्याचे जाड, मऊ बूट. तो खाली गेला तशा सोलच्या आतल्या बाजूच्या पांढऱ्या फोमवर तीन आडव्या सुरकुत्या पडल्या. बाहेरची बाजू मात्र गुळगुळीत. तो वर आला आणि सुरकुत्या उलगडल्या. पुढच्या रेपला पुन्हा त्याच तीन, त्याच जागी. बूट काढायला लावले, तेवढंच ६० किलो वजन, आणि गुडघा पावलाच्या रेषेत सरळ. त्याचे स्नायू ठीक होते. पायाखालची जमीन एका बाजूने खचत होती, एवढंच.

फोम असं का वागतो हे समजून घेतलं तर पुढे बूट निवडताना चूक होत नाही. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर येतो, म्हणजे फोमला भार नवा नाही. पण तो भार सेकंदाच्या चौथ्या हिश्श्याएवढाच टिकतो आणि लगेच पुढचं पाऊल पडतं. स्क्वॉटमध्ये भार कित्येक सेकंद एकाच जागी बसून राहतो. फोम जिथे थोडा जास्त दबतो तिथे पाय कलतो, कलला की वजन त्याच बाजूला सरकतं, आणि वजन सरकलं की ती बाजू अजून दबते. खांद्यावर ८० किलो आणि तुमचं वजन ७० किलो असेल तर दर पायावर ७५ किलो झाले. एवढं वजन गादीवर उभं राहून तोलायचं म्हटल्यावर घोटा, गुडघा, कंबर सगळेच सावरण्यात गुंतणार. पळण्याचा बूट वाईट नसतो. तो दुसऱ्या कामासाठी केलेला असतो.

दुसरी: बूट टेबलावर ठेवून बघा

बूट काढलेलेच आहेत, तर आता ते हातात घ्या.

टाचेच्या बाजूने सोल अंगठ्याने जोरात दाबा. अंगठा आत रुतत असेल तर उचलण्याच्या कामाला तो मऊ आहे. मग दोन्ही बूट सपाट टेबलावर ठेवून डोळा टेबलाच्या पातळीवर आणा आणि मागून बघा. टाचेची मधली शिवण सरळ उभी हवी. ती एका बाजूला झुकली असेल तर फोम कायमचा बसला आहे आणि कितीही चांगलं तंत्र त्याला सरळ करणार नाही. बोटाने वरून टोचल्यावर बूट डुगडुगला तर तळ झिजला आहे. शेवटी बूट दोन्ही टोकांना धरून ओला टॉवेल पिळल्यासारखा पिळा. चवड्यापाशी तो वाकायला हवा, पण मधोमध पीळ बसत असेल तर वजनाखाली तुमची कमानही तशीच पिळली जाणार.

खास वेटलिफ्टिंगचे बूट जुने झाले असतील तर एक गोष्ट आवर्जून बघा. काही बुटांच्या तळात पॉलियुरेथेन वापरलेलं असतं. हवेतल्या ओलाव्याने हा पदार्थ वर्षानुवर्षं हळूहळू तुटत जातो आणि न वापरता कपाटात ठेवलेल्या बुटातही तुटतो. बाहेरून सगळं नवं दिसतं. माझ्या एका जुन्या जोडीची टाच क्लीन करताना (यात बार जमिनीवरून खांद्यांपर्यंत उचलतात), बार खांद्यावर घेतल्या क्षणी, अख्खी सुटून बाजूला पडली. बार पुढे टाकून मागे होता आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून बरेच दिवस पडून राहिलेला बूट मी आधी हाताने वाकवून बघते. सोलच्या कडेला बारीक भेगा, चिकटपणा किंवा चुऱ्यासारखी पूड दिसली तर तो बूट टाकून द्यायचा. नुसता सोल सुटला असेल, पण त्याचा पदार्थ टणक आणि शाबूत असेल, तर बूट दुरुस्त करणारा कारागीर तो नीट बसवून देतो. घरी गोंदाने चिकटवून त्यावर जड वजन उचलू नका.

तिसरी: लेस, आतला थर, मोजे

बुटाच्या आत टाच वरखाली होते हे लक्षण असेल तर बहुधा इथेच संपतं. बऱ्याच बुटांतला आतला मऊ थर, म्हणजे इनसोल, सुटा निघतो. तो काढून एक सेट करा. मऊपणा कमी होतो आणि पाय काही मिलिमीटर खाली बसून बुटात जास्त घट्ट धरला जातो. इनसोल काढल्यावर बूट सैल वाटू लागला तर तो मुळातच मोठा होता.

लेस बांधायची पद्धतही बदला. टाच आधी मागे ठोकून बसवा, लेस बोटांकडून वर एकेक छिद्र ओढत या, आणि सगळ्यात जास्त ताण घोट्याजवळच्या दोन छिद्रांत द्या. बोटांपाशी लेस सैलसर हवी. उलटं केलं, म्हणजे पुढे आवळलं आणि वर ढिलं ठेवलं, की बोटं बधिर होतात आणि टाच तरीही सुटते. वरून पट्टा असेल तर तो लेसनंतर बांधायचा. सैल लेसची भरपाई पट्टा करत नाही. सेटच्या मधल्या वेळात पट्टा सोडून पावलाला मोकळं केलं तर पावलावरचं दुखणंही पुष्कळ कमी होतं.

जाड, लोकरी मोजे नकोत. बूट मोठा आहे म्हणून दोन मोजे घालणं तर मुळीच नको.

चौथी: जमीन

हे लोक विसरतात. जिमची जमीन सगळीकडे सारखी नसते. एकात एक अडकवायच्या जाड फोमच्या मॅटवर किंवा योगाच्या मॅटवर उभं राहून स्क्वॉट केला तर तो मऊ बुटासारखाच प्रकार होतो. लाकडी फळी किंवा टणक रबर असलेल्या जागी जाऊन तोच सेट करून बघा. बूट बाजूला सरकत असेल तर सोल ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडा करा. हाताला लावायची पांढरी पावडर, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, जमिनीवर सांडते आणि सोलवर तिचा थर बसतो. हातात पकड देणारी ती पूड पायाखाली मात्र घसरवते.

पाचवी: उभं राहणं आणि वजन

बूट काढूनही टाच उठत असेल तर आता इथे. पावलं अगदी समोर, एकमेकांना समांतर असतील तर ती १५ ते ३० अंश बाहेर वळवा, खांद्यांपेक्षा थोडी रुंद ठेवा आणि गुडघे पावलांच्याच दिशेने जाऊ द्या. कित्येकांची टाच एवढ्यानेच खाली राहते, कारण मांड्या बाजूला उघडल्या की घोट्याला तितकं पुढे वाकावं लागत नाही. ज्यांचं मांडीचं हाड लांब आहे त्यांना हा बदल जास्त लागतो. त्यांनी दुसऱ्याची ठेवण बघून तसंच उभं राहू नये.

पायाखाली तीन बिंदू आठवा: अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच. तिन्हींवर भार सारखा असला की बार पावलाच्या मधोमध राहतो. "टाचेवर वजन ठेव" ही सूचना मी द्यायची बंद केली आहे. ती ऐकून लोक बोटं उचलतात आणि मागे कलतात.

आणि वजन २०-३० टक्के कमी करून बघा. हलक्या वजनाला टाच टेकते आणि जड झालं की उठते, असं असेल तर तो बुटाचा प्रश्न नाही. शेवटच्या काही किलोंची ताकद अजून आलेली नाही, ती यायला वेळ द्या.

सहावी: टाचेखाली पट्टी

बूट घेण्याआधीची सगळ्यात मोलाची तपासणी ही. वेटलिफ्टिंगच्या बुटाची टाच चवड्यापेक्षा साधारण १५ ते २२ मिलिमीटर उंच असते. तेवढ्याच जाडीची लाकडी फळी घ्या. ती नसेल तर बारला लावायच्या वजनाच्या दोन छोट्या सपाट प्लेट घ्या, पण जाडी पट्टीने मोजून. त्यावर फक्त टाचा ठेवा, बाकी पाऊल जमिनीवर. हातात हलकं वजन छातीशी धरून दहा वेळा हळूहळू खाली बसा. पाठीवर जड बार घेऊन प्लेटवर उभं राहू नका. प्लेट सरकते आणि ती सरकली तर सावरायला जागाच नसते.

टाचेखाली २० मिलिमीटर आले की घोट्याला साधारण सहा अंश उसने मिळतात. ऐकायला थोडे वाटतात, पण बसण्याच्या तळाशी तेवढ्यानेच छाती वर राहते आणि टाच टेकलेली राहते. मग तीन शक्यता. बसणं एकदम सुधारलं, तर उंच टाचेचा बूट तुमच्या कामाचा आहे. काहीच फरक पडला नाही, तर तो बूट घेऊन काही मिळणार नाही. आणि सुधारलं, पण गुडघ्याच्या पुढे दुखायला लागलं, तर आत्ता घेऊ नका. टाच उंच झाली की गुडघे जास्त पुढे जातात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवर, गुडघ्यावर भार वाढतो.

सातवी: भिंत आणि गुडघा

अनवाणी भिंतीसमोर या. पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा मागे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा टेकवा. टाच जिथे उठायला लागते त्याच्या अलीकडचं अंतर अंगठ्यापासून भिंतीपर्यंत मोजा. दोन्ही पायांचं.

१० सेंटिमीटर किंवा जास्त आलं तर घोटा बहुतेकांच्या स्क्वॉटला पुरतो, दोष दुसरीकडे शोधा. ५-६ सेंटिमीटरच येत असेल तर घोटा आखडलेला आहे. दोन पायांत २ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर एकच टाच का उठते याचं उत्तर बहुधा मिळालं.

आता एक बारीक गोष्ट, पण सगळा उपाय तिच्यावर ठरतो. शेवटच्या टप्प्यात ताण *कुठे* जाणवतो? मागे, पोटरीच्या खालच्या भागात ओढ बसत असेल तर तो स्नायू आहे आणि तो सैल होतो. गुडघा वाकलेला ठेवूनच पोटरी ताणायची, कारण स्क्वॉटमध्ये गुडघा वाकलेलाच असतो आणि तेव्हा अडवणारा स्नायू आतला, सोलियस, हा असतो. बहुतेक जण पाय सरळ ठेवून ताणतात. त्याने वरचा स्नायू ताणला जातो आणि स्क्वॉटमध्ये फरक दिसत नाही, मग कंटाळून सोडून देतात. दर पायाला ३० सेकंद, तीन-चार वेळा, आठवड्यातून पाच दिवस. त्याच्या जोडीला पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडायची आणि वर न्यायची. निदान सहा आठवडे हे करा आणि दर आठवड्याला भिंतीपासूनचं अंतर लिहून ठेवा. पहिले दोन आठवडे आकडा जवळपास हलत नाही. तेव्हा सोडू नका.

ताण मागे न येता घोट्याच्या *पुढे* चिमटा बसल्यासारखं होत असेल तर मात्र ताणत राहू नका.

इथे थांबा आणि दाखवा

पुढचा चिमटा बहुधा सांध्यात हाडाला किंवा मऊ भागाला होणाऱ्या अडथळ्याने येतो. जोर लावला की तो वाढतो. फिजिओथेरपिस्टला दाखवा.

सकाळी उठल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेखाली भोसकल्यासारखं दुखत असेल, तर बूट बदलून वाट बघत बसू नका. घोटा पूर्वी जोरात मुरगळलेला असेल आणि त्या पायावर डोळे उघडे ठेवूनही अर्धा मिनिट उभं राहता येत नसेल, तरी दाखवा. गुडघा अडकत असेल किंवा सुजत असेल, बूट काढून तासाभरानेही बोटांचा बधिरपणा जात नसेल, कंबरेतून पायात कळ उतरत असेल, तर वजन उचलणं थांबवून डॉक्टरकडे जा. पोटरीत किंवा टाचेच्या वरच्या शिरेत (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या दोरीत) "टक" असा आवाज येऊन मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, तर ती शीर तुटलेली असू शकते. त्याच दिवशी, त्या पायावर न चालता, दवाखाना गाठा.

यातल्या कशावरही बूट हा उपाय नाही. दुखणं झाकून नेणारा बूट मिळतो, तेव्हा ते जास्त वाईट होतं.

आठवी: आता खरेदी

इथपर्यंत आलात म्हणजे काय हवं ते तुम्हाला माहीत झालं आहे. पाय कलत होता आणि अनवाणी सरळ झाला, तर फक्त टणक सोल हवा. टाच उठत होती आणि फळीने टेकली, तर टणक *आणि* उंच टाच हवी.

कोणता व्यायाम जास्त करता, त्याप्रमाणे ठरवा. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क (बार जमिनीवरून डोक्यावर नेण्याचे प्रकार), फ्रंट स्क्वॉट (बार पुढे, खांद्यांवर), बार मानेजवळ ठेवून खोल बसण्याचा स्क्वॉट: याला उंच टाच. यात धड सरळ ठेवावं लागतं. डेडलिफ्टला सपाट आणि पातळ. स्पर्धेच्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून २२५ मिलिमीटरवर येतो. तुम्ही उंच बुटावर उभे राहिलात की बारपर्यंत जास्त वाकावं लागतं आणि तोलही चवड्याकडे जातो. वर सांगितलेलं "बार नडगीपासून पळतो" हे लक्षण मला बहुतेक वेळा उंच टाचेचे बूट घालून डेडलिफ्ट करणाऱ्यांत दिसतं. बूट महाग घेतलेला असतो म्हणून तो सगळ्याच व्यायामांना घातला जातो. बार पाठीवर खाली ठेवून, नितंब मागे नेऊन स्क्वॉट करणाऱ्यांना सपाट बूट पुष्कळदा जास्त जमतो. पाय खूप रुंद ठेवून डेडलिफ्ट करणाऱ्यांनी बाजूची पकड बघावी. पावलाची बाहेरची कड सोलवरून खाली घसरायला नको.

सगळंच थोडं थोडं करत असाल आणि घोटा ठीक असेल, तर माझं मत सपाट, पातळ, टणक तळाच्या कॅनव्हासच्या बुटाला. त्यात मऊ थर जवळजवळ नसतो, बोटांना जागा असते, आणि स्क्वॉट-डेडलिफ्ट दोन्ही होतात. मल्लांचे पातळ तळाचे बूटही चालतात. धावण्यासाठी आणि उचलण्यासाठी मिळून एकच म्हणून विकले जाणारे मधले बूट हलक्या वजनाला ठीक, पण वजन वाढलं की त्यांचीही अंगठ्याने दाबायची परीक्षा घ्या. मऊ बुटात टाचेखाली पाचर सरकवून उंची वाढवायचा उपाय करू नका. पाचर फोममध्ये रुतते आणि टाच बुटाच्या मागच्या आधारातून वर येते. म्हणजे दोन दोष एकदम.

माप बघायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. दोन्ही पावलं उभं राहून मोजा आणि मोठ्याचं माप धरा. पळण्याच्या बुटात पुढे अंगठ्याएवढी जागा सोडतात. इथे ३ ते ५ मिलिमीटर पुरे, बोटं दुमडायला मात्र नकोत. रुंदी लांबीइतकीच महत्त्वाची आहे. बोटं बुटाच्या आत पसरता आली पाहिजेत, नाहीतर तीन बिंदूंपैकी करंगळीचा बिंदू जमिनीला लागतच नाही. बूट घालून तिथेच पाच-सहा वेळा खाली बसा, तळाशी थांबा, टाच आत उचलते का बघा. टाच लाकडाची, चामड्याच्या थरांची की कडक प्लास्टिकची, यावर मी फार अडत नाही. अंगठ्याने दबली नाही आणि टेबलावर डुगडुगली नाही की झालं. बूट जड वाटला तरी काळजी नको.

पॉवरलिफ्टिंगच्या (स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट) स्पर्धेत उतरायचं असेल तर आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात सोलची जाडी कुठेही ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि अनवाणी उतरता येत नाही. सरावात अनवाणीच उचलायची सवय लागली असेल तर स्पर्धेच्या काही आठवडे आधीपासून बूट घाला.

नवे बूट आले की पहिले दोन आठवडे वजन कमी ठेवा. टाच उंच असेल तर गुडघ्यांना नव्या भाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. पहिल्याच दिवशी फोन पुन्हा टाचेमागे ठेवा आणि जुन्या व्हिडिओशेजारी नवा लावून बघा. हे बूट घालून जिमला चालत जाऊ नका, तिथे गेल्यावर बदला. डांबरी रस्त्यावर तळाची कड झिजते आणि तो डुगडुगायला लागतो. घेतल्याची तारीख बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा, म्हणजे काही वर्षांनी कपाटातून काढाल तेव्हा आधी वाकवून बघायची आठवण होईल.